छापील पुस्तकाची हातची पोथी

आमच्या घरात आज छापील धर्मग्रंथ एकोणसाठ आहेत. कोणता कोणाकडे वाचायला गेला आहे, कधी परत यायचा आहे, कोणत्याचं वेष्टन फाटलं आहे, हे सगळं एका वहीत लिहिलेलं असतं आणि दर चतुर्दशीला मी ते ताडून पाहते. यांतला पहिला ग्रंथ मात्र पाच वर्षं माझ्या माहेरून आणलेल्या ट्रंकेत, शालूच्या घडीखाली होता. तो तिथे आहे हे फक्त मला आणि माझ्या यजमानांना माहीत होतं.

मी तेव्हा बावीस-तेवीस वर्षांची असेन. वडिलांनी मला वाचायला शिकवलं होतं, आणि लग्नात सासरी पाठवताना एका तीर्थंकरांच्या चरित्राचं छापील पुस्तक दिलं होतं, मराठी ओव्यांचं. मुलीच्या हाती धर्माचं काहीतरी असावं एवढाच त्यांचा विचार. माझ्या सासरी, कारंज्याच्या मंदिरात काय रीत आहे हे त्यांनी विचारलं नव्हतं.

रीत अशी होती की छापलेलं पुस्तक मंदिराच्या उंबऱ्याच्या आत यायचं नाही. आत हातांनी लिहिलेल्या पोथ्यांची कपाटं भरलेली होती, काही तर इतक्या जुन्या की पान उचलताना श्वास रोखून धरावा लागे. त्यांच्या शेजारी छापखान्याचा कागद कसा ठेवायचा? छापखान्यात शाई फिरवणाऱ्या रुळाला चामडं असतं, पुस्तकाच्या बांधणीला सरस लागतो आणि सरस हाडांचा असतो, असं पंडितजी सांगत. सासूबाईंचं कारण वेगळं होतं, आणि ते त्यांचं स्वतःचं होतं. एकदा किराणा दुकानातून हळदीची पुडी आली. उलगडली तर आतल्या बाजूला णमोकार मंत्र छापलेला. त्यांनी तो कागद कपाळाला लावला, घडी करून विहिरीत सोडला आणि त्या दुकानात पुन्हा पाऊल टाकलं नाही.

"ज्याची पुडी बांधता येते," त्या म्हणत, "त्याले शास्त्र कसं म्हनू मी?"

म्हणून पुस्तक ट्रंकेत राहिलं.

सासूबाईंचा एक नियम होता. रोज शास्त्राचं निदान एक पान कानावर पडल्याशिवाय अन्नाला शिवायचं नाही. सासरे वारल्यापासून तीस वर्षं तो चालू होता. पहाटे मंदिरात जायचं, पंडितजींचं वाचन ऐकायचं, घरी येऊन दहाच्या सुमारास जेवायचं. सूर्य मावळल्यावर आम्ही कोणीच काही खात नाही, तेव्हा त्यांना जेवायला दिवसाचाच वेळ.

मार्गशीर्षात त्या न्हाणीघरात पाय घसरून पडल्या. मंगरूळपीरहून हाड बसवणारे एक म्हातारे मुसलमान गृहस्थ आणले. त्यांनी कमरेला पट्ट्या बांधल्या आणि जाताना दारातून बोट दाखवून बजावलं, "अम्मा, चार महिने हिलना नहीं. हिली तो मैं नहीं आऊँगा." सासूबाई हलल्या नाहीत. पण नियमाचं काय?

पोथी मंदिराबाहेर द्यायची नाही असा पंचांचा ठराव होता. फार विनवल्यावर एवढं झालं की पंडितजींनी रोज एक पान वेष्टनात बांधून स्वतः आणावं, वाचावं आणि स्वतः परत न्यावं. पंडितजी सज्जन. पण त्यांची बाजारात कापसाची अडत होती आणि दिवस हंगामाचे. उजाडायच्या आत गाड्या लागायच्या. मंदिरातलं वाचन आटोपलं की ते थेट बाजार गाठत, आणि आमचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. कधी दुपारी दोनला येत, कधी चारला. हिवाळ्याचा दिवस लहान. ज्या दिवशी त्यांना सूर्यास्तानंतर यायला झालं, त्या दिवशी सासूबाई उपाशी.

मी जेवणाची वेळ लिहून ठेवायला लागले. पहिल्या चोवीस दिवसांत सात उपास झाले, आणि नऊ वेळा जेवण चारच्या पुढे गेलं. हाड जुळायचं तर अंगात ताकद पाहिजे, आणि इथे मनगटातलं चांदीचं कडं कोपरापर्यंत सरकत होतं.

एका संध्याकाळी पंडितजी धापा टाकत आले. दिवा लागला होता.

"माजी, माफ करा. कामरगावच्या गाड्या उभ्या होत्या, निघताच नाई आलं."

"वाचा तुमी," सासूबाई म्हणाल्या. "जेवण का, उद्या हायच."

त्यांनी हात जोडून पूर्ण पान ऐकलं. पंडितजी गेल्यावर मी जवळ बसले आणि धीर करून विचारलं, "आत्याबाई, मी वाचू का? छापलेलं एक पुस्तक मिळेल. शास्त्रच आहे त्यात."

"पुडीचं शास्त्र?" त्यांनी डोळे मिटले. "मरन येईन तं येऊ दे बाई. नियम पार पडला पायजे."

मी यजमानांशी बोलले. ते म्हणाले, "आईपुढे मी कधी बोललो आहे, की आता बोलू? तुला सुचेल ते कर, मला फक्त काय करायचं ते सांग." मी सांगितलं, कामरगावला माणूस पाठवा.

कामरगावात आमच्या समाजातले एक वृद्ध गृहस्थ राहत. आयुष्यभर त्यांनी पोथ्या लिहिल्या होत्या. छापखाने आल्यावर कोणी बोलवेना, म्हणून नातवाच्या दुकानाच्या पडवीत बसून असायचे. ते छकड्यातून आले, बोरूची पेटी मांडीवर घट्ट धरून. मी त्यांच्यापुढे पुस्तक ठेवलं. वेष्टन, बांधणी आणि पहिलं नावाचं पान मी आधीच काढून टाकलं होतं, म्हणजे सरसाचा प्रश्न मिटावा.

त्यांनी एका बोटाने पान उलटलं. "म्हंजे छापखान्याचं मी लिव्हू? ज्यानं माह्या पोटावर पाय देल्ला, त्याचंच?"

"बाबाजी, तुम्ही लिहिलंत तर एक म्हातारी दहा वाजता जेवेल."

त्यांनी पेटी उघडून बोरू निरखले. मग म्हणाले, "शाई माही राहीन. काजळाची, बाभळीचा डिंक घालून. कागद देशी. लिव्हतानी मी अन्न घेत नाई, तवा मले सकाळी कोनी हाक नाई मारायची."

"कबूल."

"अन् एक. जे हाय ते लिव्हतो मी. एक अक्षर वाढवत नाई, एक सोडत नाई. माह्या वडलानं तसंच शिकवलं. मंग मले कोनी म्हनू नये, इथं काहून असं लिव्हलं अन् तिथं काहून तसं."

मी आनंदाने हो म्हटलं. इतकं नेमकं काम करणारा माणूस मला आवडलाच.

त्यांनी कामरगावलाच बसून लिहिलं. दर आठ दिवसांनी पानं येत. मी ती मोजून घेई, ओळी मोजी, एक-दोन पानं मूळ पुस्तकाशी ताडून पाही. चूक एकही नव्हती. अक्षर तर असं की डोळ्यांना थंड वाटावं. महिन्या-दीड महिन्यात एकशे चार पानं पुरी झाली. शेवटचं पान वरपासून खालपर्यंत भरलं आहे एवढं मी पाहिलं आणि समाप्तीसाठी वेगळं बांधून ठेवलं.

पहिला गठ्ठा आला त्या दिवशी मी सासूबाईंच्या हातात एक पान दिलं. त्यांनी अक्षरांवरून बोट फिरवलं, मग कागद नाकाजवळ नेला.

"डिंकाचा वास येते. कुठची पोथी व?"

"कामरगावहून आली. हातची आहे."

"हात तं दिसूनच राह्यला." त्यांनी पान कपाळाला लावलं. "वाच."

घरात पोथी आली आहे, आता रोज यायला नको, असा पंडितजींना निरोप गेला. मी खोटं बोलले नव्हते. पण खरंही अर्धंच सांगितलं होतं, आणि ते मला टोचत राहिलं. मात्र दहा वाजता त्यांच्यापुढे ताट ठेवताना टोचणी विसरायला होई. भाकरी, मुगाचं वरण, वर साजूक तूप. चौथ्या आठवड्यात त्यांनी दुसरी भाकरी मागितली. मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडाला पदर लावून हसले.

त्यांच्यासाठी वाचलेलं शेजारच्या बायकांना ऐकू जाई. आधी दोघी उंबऱ्याशी येऊन बसल्या, मग सहा, मग अकरा. मंदिरात बायका मागे बसत, पंडितजींचा आवाज तिथवर अर्धाच पोहोचे. इथे त्या मला मध्येच थांबवत. "थांब व, त्या रानीनं मंग काय केलं? पुन्हा वाच." सासूबाई पडल्या पडल्या सगळ्यांना दटावत आणि मग स्वतःच म्हणत, "वाच, पुन्हा वाच."

समाप्ती अक्षय तृतीयेला आली. पहिल्या तीर्थंकरांचं पारणं उसाच्या रसाने झालं, म्हणून आम्हां जैनांत या दिवशी त्या रसाचं महत्त्व. घरात रसाचे दोन पितळी गुंड भरून ठेवले होते. सासूबाई भिंतीला टेकून बसू लागल्या होत्या. शेवटचं पान पंडितजींनी वाचावं अशी त्यांची इच्छा, आणि पंडितजीही हौसेने आले. बावीस बायका होत्या. प्रत्येकीच्या मुठीत तांदूळ.

पंडितजींनी गंभीर आवाजात सुरुवात केली. प्रत्येक ओवीनंतर सगळ्या "जय" म्हणत आणि तांदळाचे दाणे वाहत. शेवटची ओवी झाली. पंडितजी न थांबता त्याच चालीवर पुढे गेले:

"हा ग्रंथ टपालाने मागविणारांनी आपले नाव, गाव व जवळचे रेल्वे स्टेशन..."

"जय!" म्हणत बायकांनी तांदूळ वाहिले.

छापलेल्या पुस्तकाचं शेवटचं पान डोळ्यांपुढे आलं. वरती पाच ओव्या, खाली प्रकाशकाची सूचना. पहिलं पान मी काढलं होतं, शेवटच्याची आठवणच झाली नव्हती. आणि बाबाजींनी शब्दाला जागून एक अक्षर सोडलं नव्हतं.

"पंडितजी," एका म्हातारीने विचारलं, "हे टेशन कोनच्या तीर्थाचं?"

"चूप बस व," दुसरी म्हणाली. "शिखरजीचं असन."

पंडितजी पुढची ओळ हळू आवाजात वाचू लागले. पण खोलीत इतकी शांतता होती की ती सगळ्यांना ऐकू आली. "...स्वच्छ अक्षरांत लिहावे. फाटलेली प्रत परत घेतली जाणार नाही." त्यांनी पान खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. "हे काय हाय, सूनबाई?"

मी क्रमाने सगळं सांगितलं. वडिलांनी दिलेलं पुस्तक, ट्रंक, काढून टाकलेली बांधणी, कामरगावचे बाबाजी, हिवाळ्यातले उपास. काही वगळलं नाही.

"म्हंजे छापखान्याचं!" पंडितजी उठून उभे राहिले. "अन् तेही माह्या तोंडून!"

सासूबाईंनी कोणाकडेच पाहिलं नाही. "किती दिस झाले, पोरी?"

"आजचा धरून एकशे चार."

"तीस वर्सं एक दिस नाई चुकला." मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं, त्या दिवशीही त्या रडल्या नाहीत, पण हनुवटी हलत होती. "तीस वर्सं. अन् आता शंभरावर दिस मी नियम मोडून जेवलो?"

मला वाटलं, मी यांचं हाड जुळवलं आणि हे मोडलं. याला कोण पट्ट्या बांधणार?

मग त्यांनी मान वर केली. "पंडितजी, बसा. मले एक सांगा. तुमाले कवा समजलं, का हे छापखान्याचं हाय म्हून?"

"टेशन आलं तवा."

"त्याच्या आंधी?"

"आंधी कसं समजन?"

"मंग ते पान पुन्हा पाहा. काई खोटं हाय का? आपल्या धर्माच्या इरुद्ध?"

पंडितजींनी पान घेतलं. ते प्रामाणिक गृहस्थ होते. ओठ हलवत त्यांनी पाचही ओव्या वाचल्या, मग आधीच्या गठ्ठ्यातली चार-सहा पानं काढून वाचली. "नाई," ते शेवटी म्हणाले. "आपल्या मंदिरातल्या पोथीत हेच हाय. शास्त्रच हाय."

"अन् चामड्याचा रूळ? या कागदावर फिरला का?"

"यावर नाई. हे हातानं लिव्हलं."

"मंग टेशनाच्या आंधी सारं शास्त्र," सासूबाई म्हणाल्या. "मी रोज टेशनाच्या आंधीचंच ऐकून जेवलो. टेशन आज आलं. अन् आज मी अजून जेवलो नाई."

एकीला हसू फुटलं, मग सगळ्यांनाच. पंडितजींनी हसू दाबायचा प्रयत्न केला, पण तो फार वेळ टिकला नाही. तरी ते म्हणाले, "माजी, प्रायश्चित्त तं घ्याच लागन."

"लागनच. एक उपास. पन छापखान्याचा नाई. घरातल्या घरात लपवून ठेवलं, त्याचा." त्या माझ्याकडे वळल्या. "अन् लपवलं मी नाई. आज रसाचा दिस हाय, आज नको. उद्याचा उपास तुया."

मी मान डोलावली. इतक्या आनंदाने मी कोणताही उपास पत्करला नव्हता.

पुढची हकीकत थोडक्यात सांगते. त्या बावीसजणींपैकी दोघींना वाचता येत होतं. पावसाळ्यात आणखी पाचजणी माझ्याकडे अक्षरं शिकायला बसल्या. शेवटच्या पानावरची सूचना सगळ्यांना पाठच झाली होती. नाव, गाव, जवळचं स्टेशन स्वच्छ अक्षरांत लिहून आमची पत्रं जायला लागली आणि पुस्तकं यायला लागली. त्यांना वेष्टनं शिवली, हात धुऊन घ्यायचं आणि फाटलं तरी रद्दीत द्यायचं नाही, असे नियम केले. जे शास्त्र मंदिरापर्यंत चालत जाणाऱ्यालाच ऐकायला मिळे, ते आजाऱ्याच्या खाटेशी, बाळंतिणीच्या खोलीत, शेतावरच्या घरात पोहोचलं. एकदा मंदिरात वाचन चालू असताना मागच्या रांगेतून एक बाई म्हणाली, "पंडितजी, हे व्रत कोनी घेतलं ते आमच्या पुस्तकात वेगळं सांगतलं हाय." पंडितजींनी पुस्तक आणायला सांगितलं. ते बाहेर पायरीवर उभे राहून वाचलं, पण वाचलं. मंदिराच्या बाहेरच्या ओवरीत छापील पुस्तकांचं कपाट यायला मात्र आणखी बरीच वर्षं लागली.

बाबाजींना काम मिळालं. छापील पुस्तकाला हात लावायचा नाही असा नियम असलेले म्हातारे अजून पुष्कळ होते, त्यांच्यासाठी ते छापलेल्यावरून पोथ्या लिहीत. माझ्यावर ते रागावले नाहीत, मी त्यांच्यावर रागावण्याचा प्रश्नच नव्हता. फक्त तेव्हापासून काम घेताना ते आधी विचारत, "खालचं टेशन घ्याचं का सोडाचं, ते आत्ताच सांगून ठेवा."

आता त्या दुसऱ्या दिवसाचं. सकाळी न्हाऊन मी सासूबाईंपाशी गेले. पोथी संपली होती. आज काय वाचायचं हे ठरलं नव्हतं, आणि मला विचारायची भीती वाटत होती. घड्याळात साडेनऊ झाले होते.

"ते ट्रंकीतलं आन," त्या म्हणाल्या.

मी आणलं. बांधणी काढलेली, दोऱ्यावर लोंबणारी पानं. त्यांनी हातच्या पोथीसारखाच त्याचा वास घेतला, आणि नाक मुरडलं. "घासलेटावानी येते." मग छापलेल्या अक्षरांवरून बोट फिरवलं. बोटाला काही लागेना. पुन्हा फिरवलं.

"सपाट हाय सारं," त्या म्हणाल्या. "हात नाई लागला याले कोनाचा."

"लागला असेल, आत्याबाई. छापखान्यातला जुळारी एकेक अक्षर हातानेच लावतो म्हणतात."

"एकेक?"

"एकेक."

त्यांनी उशाचं धुतलेलं फडकं काढून माझ्यापुढे अंथरलं. "याच्यावर ठेव. मांडीवर नको. पयल्यापासून वाच, ते रानीचं मले पुन्हा ऐकाचं हाय."

मी वाचलं. एक पान झालं, त्यांनी थांबवलं नाही. दोन झाली. दहाचे ठोके पडले तसा त्यांनी हात वर केला. मी ताट आणलं. त्यांनी भाकरी मोडली, वरणात बुडवली, पहिला घास घेतला आणि कपाळाला आठी घातली.

"मीठ कमी हाय का व? चाखून पाह्य जरा."

"कशी चाखू? मला उपास आहे."

"हो व," त्या म्हणाल्या, आणि दुसरा घास घेतला. "असू दे मंग. गोड लागून राह्यलं."